एका नावाची दोन मंडळं

भोसरीत आमच्या कामगार मदत मंडळाची नोंदणी अडली, कारण त्याच नावाचं, तेच काम करणारं मंडळ आधीपासून होतं. त्यांच्याकडून सुनावणीला एक मावशी आलेली. बोलताना दर वाक्याला टेबलावर चापट मारायची. बाहेर येऊन मी पोरांना तिची नक्कल करून दाखवली. वळतो तर मागे तीच!

"जोरात मार की लेका," ती म्हणाली. "कंपनीत बोट गेलेलं परगावचं पोरगं दवाखान्यातनं मंडळाला निरोप धाडतं, मग आमी डबा नेतो. निरोप चुकून तुमच्याकडं आला, तर त्यानं उपाशी ऱ्हायचं व्हय?"

आम्ही तसेच आत जाऊन दुसरं नाव देऊन आलो आणि तिला सांगितलं.

"झ्याक केलंत. उद्याचा डबा तुमी न्या."