अखंड कठडा

माझी वहिनी पाण्याच्या टाकीत राहते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. टाकी म्हणजे विटांचा जुना, गोल, उंच मनोरा. शहराला नवी टाकी झाली, ही कोरडी पडली आणि माझ्या सुतार भावाच्या डोक्यात किडा वळवळला. खाली कारखाना, मधे स्वयंपाकघर आणि वर, जिथे पाणी साठायचं तिथे, झोपायची खोली. वहिनीला चार भिंतींचं साधं घर हवं होतं. तिला मिळाली एकच भिंत, तीही गोल! कपाट कुठे टेकवायचं हा तिचा प्रश्न अजून सुटलेला नाही. लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत दादाने रंधा मारायचं यंत्र आणून ठेवलं.

त्याचा जीव जिन्यात. कारखान्यातून स्वयंपाकघरात वळत जाणाऱ्या त्या अरुंद जिन्याचा कठडा एकाच लांब लाकडाचा, असं तो सांगायचा. लाकूड वाफेवर मऊ करायचं आणि गरम असतानाच साच्यावर वाकवायचं. एक टोक दादाकडे, दुसरं वहिनीकडे. त्यात तिचा हात मनगटापर्यंत भाजला होता. आल्यागेल्याला दादा कठड्यावरून हात फिरवायला लावायचा. "अखंड आहे. सांधा दाखवाच!" वहिनी गुपचूप कप उचलून आत जायची.

त्या दुपारी मी तिथेच होते. दादा जेवणावरून उठला आणि छाती धरून खाली बसला. रुग्णवाहिकेतून दोघं आले. त्यांनी त्याला स्ट्रेचरवर बांधलं, "एक पाऊलही चालवायचं नाही" म्हणाले आणि जिन्याच्या वळणावर अडकले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. स्ट्रेचर तिरकं केलं तर दादा कण्हायला लागला. खुर्चीत बसवून पाहिलं, तीही अडकली. खिडक्या तर हातभर रुंद.

"आगीचा बंब बोलवावा लागेल," एकजण म्हणाला.

"तोवर यांना काही होणार नाही ना?" वहिनीने खालून विचारलं. तो दादाची नाडी बघत राहिला.

वहिनी वळली आणि कारखान्यातून करवत घेऊन आली.

दादाने डोळे उघडले. घामाने थबथबलेला, ओठ पांढरे, पण हात बरोबर कठड्यावर गेला. "हात लावायचा नाही त्याला."

"बोटं काढा."

"अगं, नको..."

"बोटं काढा, नाहीतर बोटांसकट कापेन!" आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली. मला इतका राग आला होता दादाचा! मरायला टेकला तरी लाकडाचा हट्ट सुटत नव्हता.

करवतीचे दात लाकडाला लागले. तेव्हा दादा पुटपुटला, "कापू नकोस. तिसऱ्या खांबापाशी सांधा आहे. खालून खुंटी ठोकून काढ."

वहिनी थबकली. "सांधा? अखंड होतं ना?"

"तुझा हात भाजला... तू सोडलंस, तेव्हा फुटलं. पुढे अख्खं बसवीन म्हणून तो तुकडा चिकटवलाच नाही, नुसता खुंटीवर अडकवलाय."

तिने करवत टाकली. हातोडी घेतली, खुंटी ठोकली. पहिल्या घावाला खुंटी हलली नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला निसटून खाली पडली. वळणावरचा कठडा खांबांसकट उचलून निघाला आणि स्ट्रेचर मोकळ्या बाजूने वळलं. वहिनी दादाचा हात धरून गाडीत चढली.

दादा वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. घरी आल्यावर तो अख्खं लाकूड शोधायला निघाला, पण वहिनीने जाऊ दिलं नाही. जुनाच तुकडा तिने स्वतः बसवला, सांध्यावर रंगसुद्धा लावला नाही.

परवा पाहुणे आले. दादाने सवयीने सुरुवात केली, "हा कठडा बघा, अखंड..."

वहिनीने कप खाली ठेवले. जिन्यापाशी गेली आणि भाजलेला हात सांध्यावर ठेवला.

"इथे माझ्या हातून सुटलं होतं," ती म्हणाली. "यांनी मलासुद्धा कळू दिलं नाही."