कात टाकलेली पिल्लं

आम्ही तिला चिमटाबाई म्हणतो. हातात चिमटा नसला तर तिला धड बोलताही येत नाही. कीटकशाळेत ती बारीक गांधीलमाश्या वाढवते. या माश्या कोबीवरच्या अळीत अंडी घालतात. पिल्लू अळीला आतून खातं, कोबी वाचतो. तिची आई आजारी असतानाही तिने माश्यांच्या खाण्याचे, मधात भिजवलेले कापसाचे बोळे बदलायचं चुकवलं नाही. "हिची सोयरीक माश्यांशीच झालीय," आई म्हणायची.

मग दुसऱ्या जातीच्या माश्या आल्या. कीटकशाळेच्या साहेबांनी ठरवलं, दोन्ही एकाच वेळी त्याच अळ्यांवर सोडायच्या. एका अळीतून एकच माशी निघते. जिची जास्त पिल्लं जगतील, ती राहील. दुसरीची पैदास बंद.

अळ्या चिरायच्या सकाळी तिने मला बोलावून घेतलं. पहिली चिरली आणि सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली.

"तूच बघ गं. माझ्याच्याने होत नाही."

आत दोन पिल्लं. मोठं गुबगुबीत, पण फाटलेलं. लहान वळवळत होतं. त्याला विळ्यासारखे जबडे होते.

"लहान जिवंत आहे."

दुसऱ्या अळीत तेच. तिसरीतही.

तिने तिसरी अळीही बाजूला सारली. "गाढव आहे मी."

"का?"

"माझ्या माश्या मी आधीच सोडल्या. गुपचूप. म्हटलं, पिल्लं आत शिरून जागा धरतील."

"मग हरली कशी?"

"जबडे जन्मतःच असतात. कात टाकली की जातात. मीच शिकवते हे लोकांना! माझी मोठी होऊन बसली बोळकी, आणि ही मागून आली दात परजत." ती हसली. मला हसता येईना. "लेकराला लवकर शाळेत घालणाऱ्या आईसारखं केलं बघ."

बाहेर साहेबांचा आवाज आला. मी तिचा हात धरला. "बोलू नकोस. नोकरी जाईल."

"आणि गप्प बसले तर माझ्या माश्या जातील."

साहेब आत आले. "काय चिमटाबाई, कोण जिंकलं?"

तिने चिमटा टेबलावर ठेवला. "हा निकाल धरू नका, साहेब. मी लबाडी केली. माझ्या माश्या आधी सोडल्या."

साहेबांनी सूक्ष्मदर्शकात डोकावलं. "आणि तरी हरलात?"

"म्हणूनच हरले."

"पुन्हा करू," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातून. माश्यांच्या खोलीची किल्ली द्या."

तिने कमरेची किल्ली काढून दिली. दारापाशी जाऊन थबकली.

"मधाचे बोळे रोज बदलायला सांगा," ती म्हणाली. "दोघींचेही."