लक्ष कामावर

मी माणसांना मारायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये मी सुपरवायझर होतो. सहा पॉवर प्रेस, काम वॉशर कापायचं. पायडलवर पाय पडला की वरचा पंच धाडकन खाली येतो. मधे पत्रा आहे की बोट, हे तो बघत नाही.

मोबाइल आले आणि माणसांच्या नजरा मांडीवर गेल्या. एकाचा अंगठा थोडक्यात वाचला, तेव्हापासून माझं डोकंच फिरलं. दाराशी लोखंडी पेटी ठेवली. सकाळी सगळ्यांचे मोबाइल आत, माझाही, आणि किल्ली माझ्या खिशात. कोणी लपवून आणला तर कानाखाली. एकाला तर कॉलर धरून भिंतीवर आपटलं होतं. प्रॉडक्शन वाढलं, मालक खूश. ह्यांची बोटं शाबूत आहेत ती माझ्या धाकामुळे, असं मी छाती फुगवून सांगायचो.

उदाहरण द्यायचो ते तीन नंबरच्या प्रेसवरच्या बाईंचं. पहाटे पाणी भरून लोकलने दिव्याहून यायच्या. एकदा मान खाली गेली की ती चहालाच वर. दहा वर्षांत साधं खरचटलंही नव्हतं. शिका जरा यांच्याकडून, असं मी सगळ्यांना रोज ऐकवायचो. त्या बिचाऱ्या अवघडून जायच्या.

त्या दुपारी पॅकिंगवाल्याला मी खोक्यांआड मॅच बघताना पकडलं. माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा, शहाडचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोबाइल हिसकावून भिंतीवर फोडला, आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि त्याच्या तोंडावर ठेवून दिली. तो खोक्यांवर कोसळला. ओठ फाटला होता. तरी मी लाथ उगारली, आणि तेवढ्यात तीन नंबरच्या प्रेसचा पंच धाडकन खाली आला. बाई किंचाळल्या.

उजव्या हाताची दोन बोटं पंचाखालच्या डायमध्येच राहिली. रक्त पत्र्यावरून खाली टपकत होतं. ॲम्ब्युलन्स बोलवायची तर सगळे मोबाइल पेटीत, आणि मी किल्ली उलटीसुलटी घालत बसलो, कुलूप काही उघडेना. ज्याला मी मारलं होतं त्यानेच अंगातला शर्ट काढून बाईंचा हात आवळून बांधला आणि रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा आणली.

मालकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, मोबाइल. पॅकिंगवाला मॅच बघत होता, त्यात बाईंचं लक्ष गेलं. त्याला त्याच संध्याकाळी काढलं. काम भरभर व्हावं म्हणून प्रेसपुढची, बोटं वाचवणारी जाळी मीच काढायला लावली होती, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. पॅकिंगवाल्याला का काढलं, ते बाईंना कळलं होतं. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब, त्याला परत घ्या," त्या म्हणाल्या. "मोबाइलचा आवाज मला आला पण नव्हता. तुम्ही ओरडलात म्हणून मी वळले. मला वाटलं, आज तुम्ही त्याचा जीवच घेताय."

मी हो म्हणालो. आत्ताच मालकांशी बोलतो म्हणालो. मग जिन्यात येऊन मालकांना फोन लावला, आणि बाईंची तब्येत बरी आहे, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील, एवढंच सांगितलं.