फोन नवा, स्वयंपाकघर तेच
लालबागच्या गल्लीत मिरची कांडायला लागले की तो ठसका घरापर्यंत येतो आणि मला परळचं ते ऑफिस आठवतं. घरपोच किराणा पोचवणाऱ्या कंपनीत मी अ‍ॅनालिटिक्स इंजिनीअर होते, म्हणजे विक्रीची कच्ची माहिती निवडून-पाखडून तिचे तक्ते लावायचे. साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, तुमच्या डोक्यातलं सगळं लिहून काढा ना, एआयला शिकवायचंय." पन्नाशी उलटलेली ही शहाणी हुरळली आणि फराळाला बसावं तशी मन लावून लिहीत बसली. लिहिलं, फोन नंबर नवा असला तरी पत्ता जुना आणि मागवलेला मसालाही तोच असेल, तर ते गिऱ्हाईक नवं धरू नये. फोन नवा, स्वयंपाकघर तेच. मग एका मीटिंगमध्ये साहेबाने मशीनला विचारलं, "या महिन्यात नवी गिऱ्हाइकं कमी का?" पडद्यावर उत्तर उमटलं, "फोन नवे आहेत, स्वयंपाकघरं तीच." माझंच वाक्य! सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. आता बढती कुठे जात नाही, असं वाटलं त्या बावळट बाईला. साहेब हसून म्हणाला, "मॅडम, आता तुम्हाला कुणी त्रास देणार नाही." आणि खरंच, महिनाअखेरीला मला घरी बसवलं. वाक्य मात्र तिथेच कामाला राहिलं. काल नात फोन पुढे धरून म्हणाली, "आजी, तुझा मसाला सांग ना, एआयला देऊन ठेवते. मग परत परत तुला विचारायला नको." "घे गो बाय," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. एक जिन्नस सोडून.