चिंचपोकळीला नळी कातायला

सांगलीहून सकाळी सातला निघालेली बस दादरला पोचली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. वाशीनंतर ती बस कमी आणि बैलगाडी जास्त होती. मांडीवर पिशवी होती. तिच्यात फडक्यात गुंडाळलेल्या काडतुसांच्या दहा रिकाम्या पितळी पुंगळ्या, तेवढ्याच गोळ्या, परवान्याची कागदपत्रं आणि माझ्या मुलीची वही होती.

माझी मुलगी मुग्धा तीनशे मीटरवर रायफलने नेमबाजी करते. तिच्या रायफलची नळी झिजली होती. दीड वर्ष वाट पाहिल्यावर परदेशातून नवी, कोरी नळी आली आणि चिंचपोकळीजवळच्या एका परवानाधारक दुकानात येऊन पडली. हिवाळ्यात निवड चाचणी होती. मुग्धा परराज्यात शिबिराला गेलेली, तिला सुट्टी मिळेना. मग मीच निघालो. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, एक माप कळवायला कितीसं डोकं लागतं, असं मला वाटलं होतं. "लांबी वहीत आहे," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

कोऱ्या नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसेल असा कप्पा लेथवर कातावा लागतो. त्याला चेंबर म्हणतात. कातण्याआधी कारागिराला नमुना लागतो. त्यात दारू नाही, प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) नाही, पण माप मात्र अगदी खरं. ती डमी. शिंप्याकडे मापाला जुना सदरा द्यावा, तसंच ते.

दादरहून टॅक्सी केली. चाळींच्या मधल्या एका बोळात दुकान होतं आणि दुकानामागे परबांचं कारखानावजा खोपटं. परब मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे लेथवर आले आणि चाळीस वर्षं लेथवरच राहिले. निशाण्याच्या रायफलची नळी कातावी तर परबांनी, असं आमच्या क्लबात सगळे म्हणत. मी पाहिले ते परब मात्र शर्टाच्या आत हरवल्यासारखे दिसत होते. पोटाचा कर्करोग. बायको मालतीबाई त्यांच्यामागे स्टुलावर बसून होत्या. "ही शेवटची नळी," त्या मला हळूच म्हणाल्या. "ती झाली की परवाना परत करणार."

परबांचा एक नियम होता. डमी गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने करायची. ते दाखवतील, हात लावणार नाहीत. डमीत जे असेल ते चेंबरमध्ये उतरेल, म्हणून तिची जबाबदारी नेमबाजाची.

मी बाह्या सरसावून बसलो. एकाच खेपेतल्या तीन पुंगळ्या निवडल्या, घासून साफ केल्या, सारख्या लांबीच्या करून घेतल्या. प्रत्येकीच्या पोटात आरपार भोक पाडलं, म्हणजे कुणीही पाहावं आणि आत काही नाही हे कळावं. मग छोट्या दाबयंत्राने गोळी पुंगळीच्या तोंडात बसवायची. ती किती आत आणि किती बाहेर, यावरच सगळं. मी वही उघडली. पानापानावर तारखा आणि लांबीचे आकडे होते. मी शेवटच्या पानावरचा आकडा घेतला. सगळ्यात ताजा तोच, म्हणजे तोच बरोबर, असा माझा हिशेब. व्हर्निअर लावून केसाइतकाही फरक राहू दिला नाही. तिन्ही डमी एकसारख्या झाल्या तेव्हा मला, खरं सांगतो, पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

परबांनी एक डमी बोटांत फिरवली. गोळी बरीच बाहेर होती. त्यांनी ती दिव्याजवळ नेली आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, ही लांबी नव्या नळीसाठीच काढलेली मां? जुन्या नळीवरची नाय ना?"

मला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. लांबी ती लांबी, त्यात जुनं-नवं काय? पण दुकानदार शेजारी उभा होता, आणि मला कळत नाही असं चारचौघांत म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही. "हो, नवीसाठीच," मी म्हणालो. परबांनी मान हलवली आणि डमी माझ्याच खिशात ठेवायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना परळच्या रुग्णालयात सलाईनमधून औषध चढवायचं होतं. मी दादरच्या लॉजमधून सोबतीला थेट तिथे गेलो आणि फाटकावर माझी फजिती झाली. सुरक्षारक्षकाने खिशातून तीन काडतुसं काढली आणि रांगेतले चार लोक मागे सरकले. मी आरपार भोकं दाखवली, परवाना दाखवला, तरी त्याने डमी स्वतःच्या टेबलावरच ठेवून घेतल्या, त्या निघतानाच परत दिल्या. आत बाकांवर, बाकांखाली, जिन्यावर माणसं पथाऱ्या टाकून होती. कुणी साताऱ्याचं, कुणी पार बिहारचं. तिथे मला माझी पिशवी, वही, नळी सगळंच फार क्षुल्लक वाटलं.

दुपारी टॅक्सी लालबागला अडकली, तेव्हा परब म्हणाले, चालू या. मसाल्याच्या दुकानांपुढून आम्ही चाललो. मिरचीच्या खाटाने मला ठसका लागला, ते मात्र दर पन्नास पावलांवर थांबत होते. घरी मालतीबाईंनी मला भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढली. परबांपुढे पेज (तांदळाची पातळ कांजी) होती, तीही अर्धी राहिली.

मग ते लेथपुढे बसले. मालतीबाई पाठीला हात लावून उभ्या राहिल्या. तीन तास लागले. थोडं कातायचं, पुसायचं, डमी घालून पाहायची, पुन्हा थोडं. लेथवर त्यांचा हात एकदाही थरथरला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेवटी डमी आत सरकली आणि जिथे थांबायची तिथेच थांबली. परब हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी मी परबांकडेच होतो, तेव्हा मुग्धाचा फोन आला. कोणता आकडा घेतला, तिने विचारलं. मी ऐटीत वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"बाबा, तो जुन्या नळीचा आहे. ती आतून झिजत गेली, गोळी टेकायची जागा पुढे सरकली, तशी मी गोळी बाहेर बाहेर घेत गेले. नवीसाठीचा आकडा पहिल्या पानावर आहे."

म्हणजे नवी नळी कातली ती झिजलेल्या नळीच्या मापाने. गोळी पुंगळीत जेमतेम अडकणार, आणि पुढे झिजायला जागाच नाही. नळी मागून इंचभर कापून पुन्हा कातता आली असती, पण त्यासाठी परबांना पुन्हा एक दिवस लेथपुढे बसावं लागलं असतं.

फोनवरचं परबांना ऐकू गेलं होतं, बाकीचं त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "गो बाय, बापाने दोन्ही आकडे दाखवलेले. हा घ्या म्हणून मीच सांगितलं. चूक माझी. पुढच्या औषधानंतर परत कातून देतो."

फोन ठेवल्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "तिला तुमच्याबरोबर राहायचंय, मास्तर. माझ्याबरोबर नाय."

मी गप्प बसलो. मला सुटल्यासारखं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सांगलीला परतलो. पुढच्या औषधानंतर परब अंथरुणातून उठलेच नाहीत. पंधरा दिवसांनी ते गेल्याचा मालतीबाईंचा फोन आला. चाचणीआधी दुसरा कारागीर मिळाला नाही, नळी तशीच राहिली. मुग्धा झिजलेल्या नळीनेच चाचणीला उतरली आणि तिची निवड झाली नाही. तिने परबांना कधी दोष दिला नाही. क्लबात मात्र चहा पिताना कुणीतरी म्हणतंच, "शेवटी शेवटी परबांचा हात गेला होता." आणि मी कप खाली ठेवून दुसरीकडे बघतो.

मुंबईला जाऊन काय पाहिलंत, असं लोक विचारतात, म्हणून हे लिहिलं. मुग्धाही वाचेल. तिला आधी तोंडाने सांगायला हवं होतं, तेही मला जमलं नाही. परबांचा हात गेला नव्हता. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.