बांगड्यांखालचं मनगट

"बांगड्या काढू नका, डाक्टर. माहा लेक जिता हाये," मैनाबाईची सासू म्हणाली आणि सुनेच्या मनगटावर हात ठेवून बसली.

ऑपरेशनची तयारी झाली होती. पन्नासच्या दशकात मी चांद्याच्या एका हॉस्पिटलात हाऊस सर्जन होतो. मैनाबाई नागभीडकडच्या खेड्यातली. तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावरून उजव्या तळहातावर पडली होती. कोपर टम्म सुजलेलं. एक्स-रेत रेडियसचं डोकं फुटलेलं दिसलं. रेडियस म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड. त्याचं वरचं टोक कोपरात फिरतं, म्हणून आपला तळहात उलटासुलटा होतो. फुटकं डोकं काढून टाकायचं, असं आमच्या सर्जनसाहेबांनी ठरवलं होतं. तेव्हाची ती नेहमीचीच रीत.

मैनाबाईला घोर एकच. पावसाळ्यात रोवणा, म्हणजे भाताची लावणी. "हात पलटला नाई तं रोवणा कसा करू?" असं ती झाडूवालीलासुद्धा विचारायची.

हात धुतल्याशिवाय साहेब सुरी लावणार नव्हते आणि मनगटभर तर हिरवी काच. सासूपुढे आम्ही हात टेकले. शेवटी तोड तिनंच काढली. उजव्या हातातली बांगडी निघाली की लगेच डाव्यात चढवायची. "एका हाती तं राह्यल्या पाह्यजे," ती म्हणाली. मी तेल लावून एकेक बांगडी उतरवत बसलो, ती चढवत गेली. वैद्यकीच्या पुस्तकात हे काम कुठेच नव्हतं.

शेवटची बांगडी निघाली आणि मी थबकलो. करंगळीच्या बाजूचं हाड सुपारीएवढं वर आलं होतं. दाबलं की पेटीच्या पट्टीसारखं खाली जायचं, सोडलं की वर. मैनाबाई कण्हली. कोपराच्या ठणक्यात मनगटाचं दुखणं तिला जाणवलंच नव्हतं.

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ तो हात न्याहाळला.

"डोकं काढलं असतं तर?" मी विचारलं.

"रेडियस वर सरकत गेलं असतं. मनगट कायमचं गेलं असतं. सुरी ठेवा आत."

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडांना एक चिवट पडदा बांधून ठेवतो. तो फाटला की रेडियसला वर सरकण्यापासून ते डोकंच काय ते अडवतं. तळहातावरचा दणका तो पडदा फाडत थेट कोपरात पोचला होता. घाव एकीकडे, फूट दुसरीकडे. हाडांची नावं मला पाठ होती, पण हा सगळा हात एकच वस्तू आहे हे त्या दिवशी कळलं.

क्लोरोफॉर्म देऊन साहेबांनी तिचा तळहात हळूच आभाळाकडे वळवला. माझ्या बोटाखाली ते हाड आपल्या जागी बसलं. आवाजसुद्धा झाला नाही. मग फुटकं डोकं तसंच आत ठेवून दंडापासून पंजापर्यंत प्लास्टर घातलं.

दिवाळीनंतर मैनाबाई आली. रोवणा झाला होता, धानही घरी आलं होतं. तिनं पिशवीतले नवे तांदूळ दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतले आणि माझ्या पुढ्यातल्या ट्रेमध्ये ओतले. ओंजळीसाठी दोन्ही तळहात पुरते वर वळावे लागतात. मी तांदळांकडे बघितलंच नाही, त्या ओंजळीकडे बघत राहिलो. बांगड्या पुन्हा दोन्ही हातांत होत्या.

पुढे नोकरीभर एक नियम पाळला. कोपर मोडलं की मनगट बघायचं. त्यासाठी आधी बांगड्या काढायच्या. आणि त्याच्याही आधी सासूला विचारायचं.