कडब्यात लपवलेलं पाणी

माझ्या मेव्हण्याइतका डासाला भिणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि त्याला आम्ही नवरा-बायकोनं मिळून फसवलं. आम्ही दोघांनी जोडीनं केलेलं ते शेवटचं साधं काम. दुष्काळाचं साल, टँकर दहा-बारा दिवसांनी एकदा, आणि हा आरोग्य खात्याचा माणूस दर सोमवारी गावात येऊन म्हणायचा, आठ दिवसांच्या वर पाणी साठवू नका, ड्रम ओता, आतून घासा, उन्हात वाळवा. असल्या साली पाणी ओता म्हणणाऱ्याला कोण दारात उभं करील? बायकोचा सख्खा भाऊ म्हणून मी करत होतो. त्या सोमवारी सकाळी गोठ्यापाशी आमचा निळा ड्रम काठोकाठ होता. भरलेला ड्रम काही हलत नाही, म्हणून आम्ही कडबाच त्याच्याभोवती रचला. बैल चारा छावणीत गेलेले, गोठा मोकळाच होता. ती पेंढी उचलून द्यायची, मी लावायचो. ड्रमावर एक फाटकं पोतं टाकलं. महिनाभर दर सोमवारी आमचा हाच धंदा. ती पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, "पाठच्या भावाला फसवायला लावता, पाप लागंल मला." मी म्हणालो, "निम्मं मी घेतो, तू पेंढी दे."

माणूस दिसायला काडीसारखा. पण भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, पँट पायमोज्यात खोचलेली. अंगाला निंबोळीचं तेल असं चोपडायचा की तो वेशीत आला की आमच्या घरात कळायचं. केजच्या एसटीत कितीही गर्दी असो, त्याच्या शेजारचं सीट मोकळं. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "मामा, तुमी टपावर बसता का?" हा म्हणाला, "बसतो की. वर वारं असतंय, वाऱ्यात डास टिकत न्हाई." आणि खरंच खाली उतरून शिडीला हात घातला. खिशात त्याच्या एक चपटी बाटली असायची. नव्या माणसाला वाटायचं, दारूचं व्यसन दिसतंय. तिच्यात पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. लोक खिशातून नातवाचा फोटो काढतात तसा हा बाटली काढायचा. "बघा, ह्या आज पाण्यात हायेत. आठ दिसानं ह्यांना पंख फुटणार आन तुमच्या घरात जेवायला येणार." पुतण्यासाठी पोरगी बघायला गेलो तर पोहे यायच्या आत हा गायब. पोरीच्या बापाला तो परसात सापडला, त्यांच्या रांजणात बॅटरी मारत होता. बापाला वाटलं, पाणी किती साठलंय ते बघून पाहुणे घराणं तोलतायत. तो बिचारा म्हणाला, "आत अजून दोन पिपं हायेत." मेव्हणा म्हणाला, "तीबी दाखवा."

दुपारी जेवून पडला तरी मच्छरदाणी लावून पडायचा. उजेडात मच्छरदाणीत झोपलेला माणूस बघायला गल्लीतल्या बाया यायच्या. मी एकदा म्हणालो, "अरे, रात्री झोप की जाळीत, आत्ता कावून?" तर उठून बसला आणि आतूनच बोलला, "दाजी, रातचा कानाशी गुणगुणतो तो येगळा. मी ज्याला भितो त्याच्या पायावर पांढरे पट्टे असतेत, आन तो दिवसाच चावतो, गुडघ्याच्या खाली. आवाज न्हाई, काय न्हाई. साप चावला तर माणूस बोंबलतं. हा चावला तर माणूस खाजवतं आन इसरून जातं." आम्ही हसलो. त्याच्या कपाळावर घाम होता, तो मात्र हसला नाही.

बाया त्याच्यापासून पाणी लपवण्यात पटाईत झाल्या होत्या. खालच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं तर ड्रमाला हळदीकुंकू लावलं, वर हार घातला, समोर उदबत्ती. म्हणाली, "हात लावू नकोस, देव बसवलाय." ह्यानं बाहेर जाऊन चपला काढल्या, आत येऊन ड्रमाच्या पाया पडला, हार बाजूला ठेवला, झाकण उघडून बॅटरी मारली आणि म्हणाला, "देवाच्या पोटात किडे झालेत, मावशी." मग नरसाळ्यासारखं तोंड करून उभी राहिलेल्या म्हातारीच्या देखत ड्रम आडवा केला. ती त्याला चार पिढ्यांचं बोलली. तो खाली बसून ड्रम घासत राहिला.

दूध सोसायटीच्या वार्षिक सभेतली गोष्ट तर अजून निघते. जनावरं छावणीत, डेअरीत दूध नाही, तरी सभा भरली होती. चेअरमन बोलायला उभे होते, टँकर कुणामुळं आला ते सांगत होते. माझा मेव्हणा मागून गेला आणि त्यांच्या मानेवर त्यानं फाडकन चापट मारली. दोघं-तिघं बाह्या वर करून उठले. ह्यानं तळहात पुढं केला. मधोमध चिरडलेला डास आणि रक्ताचा ठिपका. "साहेब, हे रगत तुमचं हाय का तुमच्या आदी ज्याला चावला त्याचं, ते मला सांगता येत न्हाई. त्याला ताप आसंल तर तुमालाबी येणार. ह्या एवढ्याशा किड्याला जातपात न्हाई, पार्टी न्हाई. एकाचं घेतो आन दुसऱ्याला देतो." चेअरमन मान चोळत खाली बसले. त्यानंतर ठराव काय झाले कुणाला आठवत नाही. सगळी सभा आपापल्या पोटऱ्या चाचपत होती.

असा माणूस. आता त्या सोमवारचं सांगतो. तो आला, ओसरीतला ड्रम बघितला, रांजण बघितला, हंडे बघितले. सगळं कोरडं घासलेलं. खूश झाला. बहिणीनं वाढलेली भाकरी आणि पिठलं खायला बसला. दुसरी भाकरी मोडताना त्यानं स्वतःच्या घोट्यावर हात मारला. हात उचलून उजेडात नेऊन बघितला, आणि जेवायचा थांबला. "दाजी, पट्टेवाला हाय," म्हणाला. "हा लांबून उडत येत न्हाई. ह्याचं घर हितंच, शे-दोनशे पावलांच्या आत. अजून पाणी कुठं हाय?" मी म्हणालो, "न्हाई." तो बहिणीकडं वळला. "आक्का, पाणी कुठं हाय का?" तिनं माझ्याकडं बघितलं. ती बोलणार होती, मला तिच्या तोंडावरून कळलं. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "तुझे दाजी सांगतायत ते खरं." त्यानं पुन्हा विचारलं नाही. तोंडावर मी कधी त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो, म्हणून त्यानं विश्वास ठेवला. अर्धी भाकरी ताटात ठेवून तो उठला आणि शेजाऱ्यांच्या घरी शोधायला गेला.

आठवड्याच्या आत ती पडली. ताप असा की हात लावला तर भाजावं. डोळ्यांच्या मागं कुणीतरी अंगठे दाबतंय म्हणायची. हाडन् हाड दुखत होतं, कूस बदलता येत नव्हती. मेव्हणा रोज यायचा, रक्त तपासायला घेऊन गेला, पाणी पाजा, सरबत पाजा म्हणायचा, आणि दिवसाही तिच्या खाटेला मच्छरदाणी लावायचा. मी म्हणालो, "आता काय उपयोग, चावायचं ते चावून गेलं." तो म्हणाला, "तिला चावून तुमाला चावू नये म्हणून." चौथ्या दिवशी ताप उतरला. ती उठून भिंतीला टेकून बसली, चहा मागितला. मी चेअरमनच्या दारावरून जाताना सांगून आलो की मालकीण उठली. दुपारी मेव्हणा आला. तिचं अंग गार लागल्यावर मी हसलो, आणि ह्याचं तोंड पांढरं पडलं. तिच्या दंडावर लाल बारीक ठिपके होते, मला वाटलं घामोळं असेल. त्यानं विचारलं, "आक्का, पोटात दुखतंय का?" ती हो म्हणाली. चूळ भरली तिच्यात रक्त दिसलं. "दाजी, जीप बोलवा." मी म्हणालो, "ताप उतरला की बे." तो म्हणाला, "ह्या रोगात ताप उतरतो तवाच भ्यायचं असतं." आणि मी उठायच्या आत तोच अनवाणी जीप आणायला पळाला.

जीपनं केजला, तिथून मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी काय कमी केलं नाही. सलाईन लावली, रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिन्हीसांजेच्या आत आम्ही गावात आणून तिला अग्नी दिला.

लोक पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, "कडब्यात ड्रम हुता."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "परवा तिचे कपडे न्यायला आलतो तवा काढला. काळा थर झालता अळ्यांचा. घासून पालथा घातलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"आक्कानं. जीपमधी." मग म्हणाला, "तुमाला काय बोलू नको म्हणाली."

मला तर वाटत होतं, ह्यानं मला एक ठेवून द्यावी, चेअरमनला दिली तशी, चार माणसांत. त्यानं माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि परत माझ्या खांद्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, पिशवी घेतली आणि गल्लीत निघाला. तो काही सोमवार नव्हता. आमच्याकडं लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवस असतं. त्यात दुसऱ्याचा उंबरा ओलांडत नाहीत, दुसऱ्याच्या पाण्याला शिवत नाहीत. म्हणून तो प्रत्येक दारासमोर रस्त्यातच उभा राहायचा, हात पाठीमागं धरून. मी दहा पावलं मागं होतो. त्याला काही मागावं लागलं नाही. बाया आपणहून पाणी बाहेर काढत होत्या. कुणी चुलीमागची घागर आणली, कुणी गोधड्यांच्या थप्पीआडचं पिंप ओढत आणलं. त्या दिवशी तो "ओता" म्हणाला नाही. म्हणाला, "दोन पदरी फडक्यातनं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. थेंबबी वाया घालू नका. आन रिकामं झालं की आतून काथ्यानं घासा, काठाला अंडी चिकटून बसतेत, सुकली तरी मरत न्हाईत." हे तो आधीही सांगत असेल. ओता म्हणाला की पुढचं आम्ही ऐकतच नव्हतो.

एरवी तो दारात गेला की मावशी म्हणायचा, वहिनी म्हणायचा, कुणाला सूनबाई. त्या सकाळी तो सगळ्यांनाच आक्का म्हणत होता. देव बसवणाऱ्या म्हातारीलाही आक्का आणि मागच्या महिन्यात लग्न होऊन आलेल्या पोरीलाही आक्काच. त्याच्या ते ध्यानात येत नव्हतं. कुणी त्याला टोकलं नाही. तो हाक मारायचा, आणि आतून "आले रे भाऊ" म्हणत बाई पाणी घेऊन बाहेर यायची.